वरचा वजनगट
पावसहून आलेल्या आंब्याच्या पेटीचा वास घरभर सुटला की मला तो आठवतो, ठोसा मारून क्षणात बाजूला सरकणारा माझा सगळ्यात चपळ बॉक्सर. त्याच्या वजनगटात माझा स्वतःचा मुलगा होता, म्हणून मी त्याला भात-आंबे खायला घालून वरच्या गटात ढकललं. तिथले ठोसे जड होते, आणि आता त्याचे पायही. लढतीच्या दुसऱ्या फेरीनंतर तो म्हणाला, "सर, पाय उचलत नाहीत ओ." मी म्हटलं, "मग नाचू नको, उभा राहून मार." माझं ऐकून तो उभा राहिला, आणि एका ठोशात त्याचा डावा कान कायमचा गेला. खरं कारण त्याला अजून ठाऊक नाही. दरवर्षी पेटी पाठवून फोनवर मोठ्याने विचारतो, "सर, गोड निघाले ना?" आणि मी एकही न चाखता हो म्हणतो.