मास्तरांचा उजवा पाय

मास्तरांच्या बुटांच्या जोडीतला उजवा बूट नेहमी आधी मरायचा. डावा दुकानातून आणल्यासारखा ठणठणीत, आणि उजव्याचा तळ घासून घासून पापुद्रा झालेला. कोपऱ्यावरचा बूट शिवणारा म्हणायचा, "मास्तर, तुम्ही एका पायावर फिरता काय?"

"फिरतो दोन्हीवर," मास्तर म्हणायचे. "नोकरी एकावर."

नोकरी ड्रायव्हिंग स्कूलमधली. शिकाऊ माणूस स्टिअरिंग धरून घामाघूम होणार, मास्तर त्याच्या डाव्या हाताला बसणार. त्या सीटपुढे मास्तरांचा स्वतःचा वेगळा ब्रेक. त्यावर उजवा पाय ठेवून बसायचं आणि रस्त्यावरच्या लोकांना त्यांच्या त्यांच्या घरी धडधाकट जाऊ द्यायचं. तीसेक वर्षं मास्तरांनी हेच केलं. तोंडानं एकच शब्द, "हळूऽ." बाकीचं पाय बघून घ्यायचा.

पाय घरी आला तरी ड्यूटीवरच असे. सलूनमध्ये कात्री कानापाशी आली की दाबला जाई. सिनेमातली गाडी वळली की पुढच्या खुर्चीवरच्या माणसाच्या पाठीत धक्का बसे, आणि तो माणूस रागानं मागे बघे तर मास्तर पडद्याकडे बघत असत. मुलीनं फोनवर सांगितलं, की आम्ही आता तिकडे लांब समुद्राकाठी राहायला जातोय, तेव्हा जेवणाच्या टेबलाखाली धप्पकन काहीतरी वाजलं.

"लागला नाही हो ब्रेक," बायको म्हणाली. "ती जाणारच आहे."

या बायकोला सगळी गल्ली मास्तरीणबाई म्हणे. ती कुणालाच काही शिकवत नसे. ती पडदे शिवायची. पुढच्या खोलीत तिचं विजेचं मशीन, खाली पायपट्टी, आणि कापडाच्या ढिगातून डोकं तेवढं वर. मास्तरांचं सगळं आयुष्य ब्रेकवर गेलं आणि बाईंचं त्या पायपट्टीवर. पट्टी दाबली की मशीन सुटायचं ते शिवण संपेपर्यंत थांबायचं नाही.

लग्नानंतर दोनेक वर्षांनी बाईंनी गाडी शिकायचं काढलं. घरात शिकवणारा असताना बाहेर कशाला, म्हणून मास्तरांच्या शेजारी बसल्या. त्या गिअर टाकायच्या, मास्तर ब्रेक दाबायचे. त्या आरशात बघायच्या, मास्तर ब्रेक दाबायचे. एकदा गाडी बंदच होती, नुसत्या शिंकल्या, तरी मास्तरांनी दाबला. दुसऱ्या गिअरपलीकडे बाईंची मजल गेली नाही. एके दिवशी त्या भर चौकात उतरल्या, दार हळू लावलं, रस्ता ओलांडला आणि समोरच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. महिन्याभरात लायसन घेऊन आल्या. मास्तरांचं नाक त्या दिवशी जे कापलं गेलं, ते पुन्हा पूर्वीसारखं चिकटलं नाही.

पुढे बाईंनी पडदे पोचवायला एक जुनी व्हॅन घेतली. त्या व्हॅननं निघायच्या, मास्तर बसनं. एकाच घरी, एकाच वाढदिवसाला जायचं असलं तरी तेच. बसमध्येही मास्तर सगळ्यात मागे उभे राहत. तिथून ड्रायव्हर दिसत नाही.

लोकांना वाटे, मास्तर म्हणजे गाडी चालवण्यातला शेवटचा शब्द. निम्म्या गावानं त्यांच्या पायाखालून लायसन काढलेलं. पण शेवटचा शब्द बोलणारा माणूस स्वतः चालवत नव्हता, हे कुणाच्या ध्यानात यायचं कारण नव्हतं. मास्तरांनाही ते हळूहळूच कळलं. मध्ये एकदा सहज स्टिअरिंगपुढे बसले, तर ज्याला "हळूऽ" म्हणायचं तो माणूसच दिसेना. घाम फुटला. किल्ली काढली, उतरले आणि डोळ्यांत काहीतरी गेलं असं सांगितलं. त्यानंतर त्या बाजूला बसलेच नाहीत.

असं असून स्पोर्ट्स कारचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं. त्याचं असं झालं. हायवेवर एका शिकाऊ माणसाला घेऊन ते रांगत चालले होते. मागून एक उघड्या टपाची, जमिनीला पोट लावून पळणारी गाडी आली आणि सुर्रकन निघून गेली. कुणी एक बाई चालवत होती, केस वाऱ्यावर. तिच्या शेजारी एक माणूस होता. तो झोपला होता. तोंड उघडं, मान कलंडलेली, वेग हा एवढा, आणि गडी खुशाल झोपलेला! मास्तरांनी कितीतरी वेळ त्या गाडीच्या दिशेनं बघितलं. शिकाऊ माणूस म्हणाला, "सर, सिग्नल गेला आपला." मास्तरांनी त्या सगळ्यातून आपला, असली गाडी कधीतरी घ्यायची, एवढाच अर्थ काढला.

मास्तर निवृत्त झाले, त्या निरोपाच्या दिवशी तो अर्थ तोंडातून बाहेर पडला. स्कूलच्या ऑफिसात सगळे जमले होते, जुने विद्यार्थीही होते. कुणीतरी विचारलं, मास्तर आता काय करणार? मास्तर म्हणाले, "उन्हाळ्यात आम्ही दोघं मुलीकडे जाणार. समुद्रापर्यंत. स्पोर्ट्स कारनं. मी चालवणार."

टाळ्या पडल्या. बाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या नवऱ्याच्या बुटाकडे बघत होत्या.

घरी आल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं, "मुलीच्या नव्या घराचे पडदे झालेत. सोमवारी मी निघणार. मला दोघांनी एका गाडीतनं जायचंय. एवढ्या वर्षांत एकदा. कसली गाडी ते तुम्ही बघा. नाही जमलं तर मी व्हॅननं जाते, तुम्ही या बसनं."

"जमणार नाही काय? निम्मं गाव मी शिकवलंय."

"तेच म्हणते मी."

टाळ्या वाजवणाऱ्यांत एक जुना विद्यार्थी होता. आता तो वापरलेल्या गाड्यांचा व्यापार करायचा आणि काही भाड्यानं द्यायचा. शिकताना त्याचा पाय क्लचवरून उठतच नसे, म्हणून मास्तरांनी त्याचं नाव अर्धा क्लच ठेवलं होतं, आणि त्याच्या दुकानातली पोरं पाठीमागे अजून तेच नाव घ्यायची. त्यानं तीन गाड्या धुऊन पुसून उन्हात लावून ठेवल्या. तांबडी, पिवळी आणि राखाडी.

"सर, उन्हाळाभर कुठलीही घ्या. चालवून बघा आणि सांगा."

मास्तर तांबड्या गाडीपाशी गेले. डावं दार उघडलं, बसले, पट्टा लावला आणि समोर बघून म्हणाले, "हं. चालव."

अर्धा क्लच किल्ली हातात घेऊन बाहेर उभा. मग त्याला वाटलं, सरांची पद्धत असेल. तो चालवायला बसला. चक्कर मारून आले, तेव्हा त्याच्या पाठीला घामानं शर्ट चिकटला होता, कारण मास्तर मध्येच "हळूऽ" म्हणाले होते आणि त्याला पुन्हा नापास होण्याची भीती वाटली होती.

"खालचा पत्रा कच्चा आहे," मास्तरांनी निकाल दिला. "पाय दाबला की लवतो."

पिवळीचा पत्रा पक्का होता, पण मॅट सरकत होतं. राखाडीचं मॅट सरकत नव्हतं, पण जागा लांबडी. पाय ताणला तरी समोर काही टेकेना.

"सर, पण इंजिन? पिकअप?"

"ते तुझं तू बघ. तू चालवतोयस."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आज जरा डोळा चुरचुरतोय, तूच चालव. तिसऱ्या खेपेला, आज बूट नवा आहे. तांबडीला बसणं खोल, पिवळीला दाराचा आवाज पोकळ, राखाडीचा रंग राखाडी. अर्धा क्लच गाडी विकणारा माणूस, त्यानं नाही म्हणणारी गिऱ्हाइकं पुष्कळ बघितली होती. पण इंजिनाचं झाकण न उघडता, चाक न बघता, फक्त डाव्या सीटपुढची जमीन तपासून तीन गाड्या नाकारणारा माणूस त्यानं आजवर बघितला नव्हता.

रविवारी सकाळी मास्तरीणबाई व्हॅन घेऊन तिथे आल्या. मास्तर राखाडीत डावीकडे बसून समोर बघत होते. उजवीकडे कुणी नव्हतं. अर्धा क्लच लांब उभा राहून चहा पीत होता.

"ठरली का?" बाईंनी विचारलं.

"बघतोय. एकीतही दम नाही."

"नाचता येईना अंगण वाकडं."

गाडीच्या काचेवर एक माशी चालत होती, मास्तर तिच्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मला येत नाही गं आता. बसलो की हातपाय गार पडतात."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"आपली व्हॅन फाटकातनं मागे घ्यायला तुम्ही शेजारच्यांना बोलावलंत ना? त्यांना, म्हणालात, सराव होईल. ते सत्तरीचे आहेत अहो. रिटायर झालेले बसड्रायव्हर."

मास्तरांच्या मानेवर लाली चढली. बाईंनी उजवं दार उघडलं, सीट पुढे ओढली, आरसा हलवला. मास्तरांचा हात आपसूक दाराच्या कडीवर गेला.

"उतरायचं असेल तर उतरा," त्या म्हणाल्या. "व्हॅन तिकडे उभी आहे आणि बसस्टॉप त्याच्या पुढे. मी काही चिडणार नाही. फक्त पुन्हा विचारणार नाही."

गाडी आवारात फिरली. मास्तरांचा पाय पहिल्या वळणाला जमिनीवर आपटला, दुसऱ्यालाही. समोर टेकायला काही नसल्यानं ते सीटवरून घसरले आणि पट्ट्यात हनुवटीपर्यंत अडकले. पण उतरले नाहीत. बाईंनी गाडी होती तिथे आणून लावली, कागदाएवढीही इकडेतिकडे नाही.

"हीच," त्या अर्ध्या क्लचला म्हणाल्या. "रंग राखाडी आहे, पण पळते."

सोमवारी घरापुढे माणसं जमली. स्कूलमधले सगळे आले होते. मास्तर स्पोर्ट्स कार चालवणार, हे कोण सोडतो? सामान भरायला घेतलं तर डिकी एवढीशी. पडद्यांचे गठ्ठे कोंबले, शिवणाचं मशीन आडवं बसवलं, आणि मशीनची पायपट्टी काही केल्या मावेना. वायर गुंडाळलेली ती पट्टी हातात घेऊन बाई क्षणभर उभ्या राहिल्या. मग डावीकडे आल्या आणि मास्तरांच्या सीटपुढे, पाय ताणला की बरोबर पोचेल अशी, तिथे ठेवलेल्या एका गठ्ठ्याला टेकवून बसवली.

"ही दाबा. हवी तेवढी."

मास्तर डावीकडे बसले. गर्दीत कुजबूज झाली. मग स्कूलचा नवा मास्तर, ज्याला यांनीच तयार केलेलं, सगळ्यांना पटेल असा मार्ग काढत ओरडला, "वा! वहिनींना शिकवताय होय, मास्तर?"

मान हलवली असती तरी भागलं असतं. झाकली मूठ झाकलीच राहिली असती. बाई स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होत्या.

"नाही," मास्तर म्हणाले. "तिला येतं. समोरच्या स्कूलमध्ये शिकलीय, चांगलं शिकवतात ते. मी नुसता बसणार आहे."

यावर टाळ्या पडल्या नाहीत. बूट शिवणारा तेवढा हसला.

गावाबाहेर पडेपर्यंत बरं गेलं. हायवेला लागल्यावर समोर एक ट्रक आला आणि मास्तरांनी पट्टी दाबली. गाडी पुढे उसळली. ट्रक मागे पडला. वळण दिसलं, मास्तरांनी आणखी दाबली. गाडी आणखी सुटली. मास्तरांनी बाईंकडे बघितलं. बाईंचा एक डोळा रस्त्यावर होता, एक त्यांच्या बुटावर.

"अगं, हळूऽ!"

"मी काय करू? पट्टी मशीनची आहे. दाबली की पळतं."

"मग थांबवायचं कसं?"

"पाय उचलून. इतकी वर्षं शेजारच्या खोलीत बसून ऐकताय, कळलं नाही होय?"

मास्तरांनी विचार केला. मग पाय उचलला. इंजिनाचा आवाज उतरला, गाडी बेताबेतानं चालू लागली. त्यांनी परीक्षा घ्यावी तशी पुन्हा दाबली. गाडी सुटली. पुन्हा उचलला. पाय अधांतरी धरून ते बराच वेळ बसले. अधांतरी पाय फार वेळ राहत नाही. त्यांनी तो मागे ओढला, सीटखाली डाव्या पायाशेजारी ठेवला, आणि तिथे त्या पायाला करण्यासारखं काहीच नव्हतं.

दुपारी पेट्रोल पंपावर गाडी थांबली. पेट्रोल भरणारा काचेतून आत वाकला. मास्तरांची मान कलंडलेली, तोंड उघडं, पट्टा तिरका.

"साहेबांना बरं नाही काय बाई?"

"बरे आहेत," बाई म्हणाल्या. "ड्यूटी संपलीय. झाकण नीट लाव, आणि हळू लाव."