पाटलांचं अर्धं छप्पर

आर्वी तहसिलीतल्या एका गावचं ते अर्धं उघडं छप्पर इतक्या वर्षांनीही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. पोलिसाच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांतले निम्मे विसरलो. हे प्रकरण मात्र आठवलं की हसू येतं, आणि थोडं गलबलूनही येतं.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेल्याला फार काळ लोटला नव्हता. उन्हाळा उतरणीला लागला की तेव्हा गावोगावी एकच घाई असे, घरावरचे कवेलू, म्हणजे कौलं, फेरण्याची. वानरांनी नाचून फोडलेले कवेलू काढायचे, दोन ओळींमधल्या नाळीतला कचरा झाडायचा, धड असतील ते पुन्हा ओळीने बसवायचे. आळस केला की पावसाळाभर घरात भांडी मांडून बसायचं. ज्यांच्या हाती चार पैसे आले होते ते टिनाचे पत्रे घालत आणि आमच्याकडच्या उन्हात भाजून निघत. शहाणे लोक इंग्रजी कवेलू घेत. ते सपाट, खाचेत खाच बसणारे. वानरांनी उड्या मारल्या तरी सहसा सरकत नाहीत. मला विचाराल तर सावलीला कुंभाराने थापलेला देशी कवेलूच उत्तम, पण दर साल फेरायची तयारी हवी.

आमचे फिर्यादी हे त्या गावचे पाटील. त्यांनी पुलगावाहून बैलगाड्यांनी इंग्रजी कवेलू आणवले होते. जुनं छप्पर उतरवून नवं चढवायचं काम गावातल्याच एका कारागिराकडे होतं. हा माणूस आदल्याच साली बौद्ध झालेला, हडकुळा, कमी बोलणारा. निम्मं छप्पर झालं आणि पाटील रपट लिहायला ठाण्यात हजर झाले. आईची गळ्यातली सोन्याची एकदाणी घरातून गेली होती. संशय एकावरच होता. "वरून उतरला अन् घेऊन गेला, साहेब. दुसरं कोण येते घरात?"

मी जमादाराला घेऊन गेलो, पंचनामा केला. छप्पर बदलताना धूळ आणि काजळी खाली पडते, म्हणून रिवाजाप्रमाणे सगळा संसार अंगणात काढून ठेवलेला. पेट्या, मडकी, देव, सगळं. रात्री अर्धं सामान शेजारच्या गोठ्यात. अशा घरातून एखादी वस्तू नाहीशी व्हायला चोराची गरजच नसते, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण नाव आलं की चौकशी करावीच लागते. मी कारागिराला अटक केली नाही, मात्र त्याला रोज ठाण्यात हजेरी द्यायला लावली.

तो सकाळी येई आणि व्हरांड्यात भिंतीला टेकून बसे. मी दरडावून पाहिलं, गोडीत घेऊन पाहिलं. त्याची जबानी तीच, आणि ती देताना डोळे भरून येत.

"साहेब, मी त्याईचं घर वरूनच पाह्यलं. आत कोणती खोली कुठं हाय, मले काय मालूम? मले दाराच्या आत कोणी येऊ देत नाई."

"मग रडतोस कशाला? खरं असेल तर सुटशील."

"सुटीन नं. पण चोर म्हटलेल्या माणसाले आपल्या छपरावर कोण चढू देईन? कवेलू सोडून मले दुसरं काईच येत नाई, साहेब."

कोर्ट त्याला सोडू शकत होतं, गाव सोडणार नव्हतं.

उलगडा झाला तो पाटलांच्या येण्याजाण्यातून. ज्याचा माल गेला तो ठाण्याची पायरी चढताच मालाचं विचारतो, हा माझा आयुष्यभराचा अनुभव आहे. पाटील रोज येत. पण एकदाणीबद्दल अवाक्षर नाही!

"साहेब, त्याची चौकशी कव्हा संपन?"

"का? घाई काय आहे?"

"छप्पर उघडं पडून राह्यलं नं! आभाळ भरून येते. धान्य कुठं ठेवू?"

"दुसरा माणूस लावा."

पाटलांनी कपाळावर हात मारला. "चार गावं फिरलो. कोणी तयार नाई. म्हणते, दुसऱ्याच्या अर्ध्या छपराले आमी हात लावत नाई, ज्यानं उघडलं त्यानंच झाकावं."

कवेलू फेरणाऱ्यांमध्ये ही रीत पक्की होती. एकाने बसवलेल्या ओळीला दुसरा हात लावत नसे, कारण गळलं तर दोष कोणाचा, हा तंटा नको. पण माझ्या डोक्यात वेगळंच चक्र सुरू झालं. ज्याने आपलं सोनं नेलं असं हा मानतो, त्यालाच पुन्हा छपरावर घ्यायला हा उतावीळ का?

मी सायकल काढली आणि थेट पाटलांच्या घरी गेलो. म्हातारी अंगणात तूर पाखडत होती. म्हटलं, "आजी, एकदाणी कशी होती, पुन्हा सांगा बरं."

"होती काय? हाय नं!" तिने पदर सारून गळा दाखवला. "सामान बाहीर काढलं तव्हा म्याच डाळीच्या मडक्यात लपवली अन् इसरली. सापडली तव्हाच पोराले म्हटलं, जाय, ठाण्यात सांगजो. त्यानं नाई सांगितलं काय?"

पाटील दारात उभे होते. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"काऊन नाही सांगितलं, पाटील?" मीही त्यांच्याच बोलीत विचारलं.

"कसं सांगू, साहेब? साऱ्या गावात त्याले चोर म्हणून बसलो. आता त्याच्यासमोर कोणत्या तोंडानं जाऊ?"

मी संतापलो. निरपराध आहे हे कळल्यावरही माणसाला ठाण्यात बसू देणं हा गुन्हा आहे, हे त्यांना खणखणीत ऐकवलं. मग कारागिराला बोलावून घेतलं आणि त्यालाच विचारलं, "तुझं काय म्हणणं आहे? यांच्यावर कारवाई करू?"

त्याने उघड्या वाशांकडे पाहिलं.

"कारवाई नको, साहेब. छप्पर मी पुरं करतो. पण पाटलानं आंधी वर चढावं अन् तिथून सांगावं. मी वर असलो का साऱ्या गावाले दिसतो. चोर झालो तोबी साऱ्या गावाले झालो."

पाटील भारी शरीराचे. शिडी करकरली. आढ्याशी पोचून ते तोंड उघडणार, तोच खालून कारागीर म्हणाला, "पाटील, हाळी द्या. आजूबाजूच्या अंगणात बायका न्हात असतात. हाळी देल्याबिगर वर चढत नाईत."

पाटलांनी हाळी दिली. बायका आत गेल्या, पुरुष बाहेर आले, सगळं गाव वर पाहू लागलं. पाटील घामाघूम झाले होते, पण बोलले, आणि मोठ्याने बोलले. "एकदाणी घरातच सापडली! यानं चोरी केली नाई! चूक माही हाय!" बोलताना पाय सरकला आणि नवाकोरा कवेलू कडकन फुटला.

"उतरा आता," कारागीर म्हणाला, "नाईतर सारं छप्पर पुन्हा करा लागन."

गाव हसलं. पाटीलही हसले. माझे डोळे मात्र भरून आले होते. जमादार पाहत होता, म्हणून मी टोपी नीट केली.

चोर शोधणं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. घेतलेला आळ उतरवायचा कसा, ते कोणी शिकवलं नव्हतं. ते मला त्या माणसाने शिकवलं. पुढे ज्याला ज्याला निर्दोष सोडलं, त्याच्या गावात मी स्वतः जाऊन चार लोकांत तसं सांगत आलो. वरिष्ठ त्याला वेळेचा अपव्यय म्हणत.

पुढच्या उन्हाळ्यात माझं क्वार्टर गळत होतं, म्हणून मी त्याला शिपायाकरवी निरोप धाडला. शिपाई एकटाच परतला. "साहेब, तो पाटलाच्या भावाच्या छपरावर हाय. म्हणते, ठाणेदार साहेबाले सांगजो, लय घरं हायेत रांगेत. तुमचा नंबर आला का येतो."

त्या पावसाळ्यात मी घरात भांडी मांडून बसलो, आणि मला त्याचा जराही राग आला नाही.