मोठ्याईचा संडास

मोठ्याईकडे कोणी भाड्याची खोली विचारायला आलं की ती त्याचं गाव विचारायची नाही, नोकरी विचारायची नाही, आडनाव तर नाहीच नाही. गॅसच्या मंद आचेवर चहा ठेवायची, आलेल्या माणसाच्या हातात संडासाचा ब्रश द्यायची आणि म्हणायची, "चहा उकळेपर्यंत होऊन जाते. पाय बरं, जमते काय." आर्णीत भाड्याच्या खोल्या काही कमी नव्हत्या. पण अशी परीक्षा घेणारी घरमालकीण मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

मी कृषी सहायक म्हणून नोकरीला लागले तेव्हा बाबा मला घेऊन तिच्या दारात आले होते. ब्रश पाहून त्यांचा चेहराच उतरला. "अहो, पोरगी सरकारी नोकरीत आहे," ते म्हणाले. "मंग? सरकारी नोकरीवाल्याइले संडास लागत नाई काय?" मोठ्याईने विचारलं. मी ओढणी कमरेला खोचली आणि आत शिरले. चहा उकळला, उतू गेला, गॅस बंद झाला, तरी मी आपली बादल्यांवर बादल्या ओततेच आहे. बाहेर आले तेव्हा अर्धं अंगण ओलं आणि मी चिंब. तिने आत डोकावून पाहिलं आणि बाबांना म्हणाली, "येत काई नाई इले. पन तोंड नाई फिरवलं पोरीनं. राहू द्या." बाबांनी उरलेला चहा घेतला खरा, पण यवतमाळची बस लागेपर्यंत ते माझ्याशी धड बोलले नाहीत.

घर म्हणजे एका रांगेत चार खोल्या. दोन तिच्या, एक माझी, एक राठोडभाऊंची. भाऊ पिकअप चालवायचे, वहिनी घरी ब्लाउज शिवायच्या आणि मोठ्याईला याडी म्हणायच्या. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. बाकी सगळी गल्ली तिला मोठ्याईच म्हणे, आणि महिनाभरात मीही तिला अगं-तुगं करायला लागले. दिग्रसच्या कापूस जिनिंगमध्ये फिटर असलेला तिचा नवरा केव्हाच गेला होता. ती स्वतः अंगणवाडीतून निवृत्त झालेली. मागच्या अंगणात शेवग्याच्या झाडाखाली सगळ्यांत मिळून एकच संडास होता, आणि त्याचे वार तिने आम्हा तिन्ही घरांना वाटून दिले होते. रविवार तिचा स्वतःचा.

तिची घासण्याची रीत अशी की पाहणाऱ्याला वाटावं, बाईने काही केलंच नाही. आधी एक मग्गा पाणी, मग कडेकडेने ॲसिड. ते टाकलं की ती भांड्याकडे पाठच फिरवायची. "ते आपलं काम करून राह्यलं ना, तवर आपन आपलं करावं." तेवढ्या वेळात दाराची कडी, नळाची तोटी, बादलीचं बूड आणि मग्ग्याची दांडी होऊन जायची. दांडीवर तिचा फार कटाक्ष. "सारे भांडं घासत बसतात. आनि हात कायले लागते सगळ्यात जास्त? या दांडीले. तिच्याकडे कोनी पायतच नाई." मग भिंती, मग फरशी, कोपऱ्यांना जुना दातांचा ब्रश, आणि भांडं सगळ्यात शेवटी. वरून एकच बादली, एका दमात. नंतर जुन्या धोतराच्या फडक्याने फरशी कोरडी करायची आणि दार सताड उघडं ठेवायचं. "ओल राह्यली का वास राह्यला," हे तर तिने मला इतक्यांदा ऐकवलं की आजही ओली फरशी दिसली की मला तिचाच आवाज ऐकू येतो.

उन्हाळ्यात नळाचा भरवसा नसे. तेव्हा कपडे धुतलेलं पाणी ती एका ड्रममध्ये साठवायची आणि संडासाला तेच वापरायची. कोणी साबणाचं पाणी मोरीत सोडून दिलं की ती अशी हळहळायची, जसं दुधाचं पातेलंच लवंडलं. मी एकदा चुकून पूर्ण बादली ओतून दिली, तर दिवसभर माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी भाजी तेवढी आणून दिली, तीही न बोलता.

माझी अक्कल तिथे एकदा चांगलीच निघाली. माझा वार होता, गावाहून आईबाबा यायचे होते, आणि मला संडास अगदी चकचकीत हवा होता. ॲसिडनेही निघतं, ब्लिचिंग पावडरनेही निघतं, तर दोन्ही घातलं की दुप्पट निघेल असा हिशेब करून मी दोन्ही एकदम टाकलं, आणि वर दारही लावून घेतलं. पुढच्याच श्वासाला घशात मिरच्या भरल्यासारखं झालं. डोळ्यांपुढे काही दिसेना. मोठ्याईने माझा खोकला ऐकला आणि आत हात घालून मला दंडाला धरून ओढलंच. शेवग्याखाली बसवून तोंडावर पाणी मारत ती म्हणाली, "अवं, शेतकऱ्याइले तू सांगतं ना, दोन औषधं एका पंपात मिसळू नका म्हणून? मंग इथं काहून मिसळले?" त्या दिवशी तिने आधी मला गूळ खायला दिला, मग पोटभर बोलणी दिली. आईबाबा आले तेव्हा माझे डोळे लाल होते, आणि आईला वाटलं, पोरीला घरची आठवण येते.

एकदा ती आपल्या दोनातली एक खोली भाड्याने द्यायचं म्हणत होती, तेव्हा एक मुलगा ती बघायला आला. चांगल्या घरचा, मोटारसायकलवर. ब्रश पाहून हसला आणि म्हणाला, "आजी, माझ्या वाराला मी माणूस लावीन." मोठ्याईने गॅस बंद केला. "मंग खोली त्यालेच देतो ना. तू कायले येतं?" तो गेल्यावर ती बराच वेळ धुसफुसत होती. आपली घाण दुसऱ्या कोणाच्या हाताने काढायची, ही गोष्टच तिला सहन होत नसे. ज्यांच्या माथी हे काम पिढ्यान्‌पिढ्या मारलं गेलं त्यांची मुलं तिच्या अंगणवाडीत होती. त्यांना दारात अंतर ठेवून बसवणाऱ्या बायांशी तिची कडाक्याची भांडणं झालेली होती, असं राठोड वहिनी सांगायच्या.

आणि संडासाचं तिला इतकं का, हेही तिने मला एकदा सांगितलं. लग्न होऊन ती ज्या गावात गेली तिथे कोणाच्याच घरी संडास नव्हता. बाया पहाटे रस्त्याच्या कडेला जायच्या, आणि गाडीचा उजेड आला की उभ्या राहायच्या. "पोटुशी होती मी. उभी राह्य, बस, उभी राह्य. एक रोज ट्रकावर ट्रक येऊन राह्यले. मी तशीच घरी आली आनि नवऱ्याले म्हनलं, आता घर बांधशीन तर पयले संडास." आर्णीचं घर बांधलं तेव्हा खरंच आधी संडास उभा राहिला. स्वयंपाकघराला भिंत पुढच्या वर्षी मिळाली.

तिचा एकुलता एक मुलगा प्रमोददादा पुण्याला होता. चांगला, मायाळू माणूस. आईने आपल्याकडे येऊन राहावं म्हणून तो फार मागे लागायचा, आणि तिला ते घर सोडायचं नव्हतं. शेवटी तिनेच त्याला शब्द देऊन टाकला होता, "ज्या दिवशी माह्या हातानं संडास घासनं होनार नाई, त्या दिवशी येतो तुयाकडे." दर रविवारी दुपारी त्याचा फोन यायचा. तिला थोडं कमी ऐकू येई म्हणून फोन स्पीकरवर, त्यामुळे अख्ख्या घराला ऐकू जायचं. "आई, घासला का?" तो विचारायचा. "घासला," ती म्हणायची. त्यावर तो क्षणभर थांबायचा, आणि मग जेवणाखाणाचं बोलणं सुरू व्हायचं.

मग तिचे गुडघे गेले. हळूहळू नाही, एका पावसाळ्यातच गेले. बसलं की उठता येईना, उठलं की भिंत धरावी लागे. रविवारी ती आत गेली की आम्ही बाहेर कान देऊन उभ्या. घासण्याचा आवाज थांबला की वहिनी माझा हात घट्ट धरायच्या. मोठ्याई पुण्याला गेली तर आमचं काय, हा आमचा स्वार्थ होताच. पण तिथे जाऊन तिचं काय होईल, या विचाराने आम्हाला जास्त कसंतरी व्हायचं.

यावर वहिनींनी एक युक्ती काढली. रविवारी उजाडायच्या आत आम्ही दोघी गुपचूप संडास घासून ठेवायचो. पण अगदीच स्वच्छ दिसला तर तिला संशय येईल, म्हणून वहिनी अंगणातली चिमूटभर काळी माती डाव्या बाजूला पाय ठेवायच्या जागेपाशी ओल्या हाताने लावून ठेवायच्या. म्हणजे मोठ्याईने उभ्या उभ्या लांब दांड्याचा ब्रश फिरवला की झालं. ती आत जायची, लगेच बाहेर यायची, आणि काही बोलायची नाही. आम्हाला वाटलं, जमलं आपलं.

एका रविवारी फोन आला. "आई, घासला का?" मी कपडे वाळत घालत होते, वहिनी मशीनवर होत्या. मोठ्याई म्हणाली, "नाई घासला. लय दिवस झाले, मी घासतच नाई. ह्या पोरी घासून राह्यल्या." वहिनींची मशीन थांबली. फोन ठेवून ती आमच्याकडे वळली, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "अवं, घाण काय दर आठवड्याले एकाच जागी पडते? आनि आंगनातली माती संडासात कुठून आली? कोन पेरून राह्यलं ते मले पयल्याच रविवारी समजलं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "वाटलं, चालते तवर चालू द्यावं. पन त्याच्यासंग खोटं बोलल्यावर मले जेवन जाईना."

प्रमोददादा गाडी घेऊन आला आणि तिला घेऊन गेला. दिलेल्या शब्दाला ती पक्की होती. खोल्यांच्या किल्ल्या वहिनींकडे दिल्या, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि मागे न पाहता गाडीत बसली. वहिनी तिथेच ओट्यावर बसून रडल्या. मीही रडले, त्यात लपवण्यासारखं काय आहे.

तो उन्हाळा फार भकास गेला. आणि एक दिवस तिचा फोन आला. खुशाली नाही, काही नाही, एकदम सुरुवातच अशी, "पोरी, प्रमोदकडे कमोड हाय. समोर प्लास्टिकचं स्टूल घेतलं ना, तर बसल्या बसल्या सारं घासता येते वं. गुडघा वाकवाच लागत नाई. चहा उकळायच्या आत झालं माहं. राठोडले सांग, गवंड्याले बोलाव." कमोडला आजवर सगळ्यात जास्त नावं तिनेच ठेवली होती. इतके दिवस आम्ही माती पेरत बसलो आणि एकीच्याही डोक्यात हे आलं नाही, याचं मला आजही हसू येतं.

तिला परत सोडायला प्रमोददादाच आला. पुढच्या सीटवर मोठ्याई, मागच्या सीटवर नवा कमोड, खोक्यासकट. गवंड्याजवळ तो दोन दिवस स्वतः उभा राहिला, धरायला भिंतीत दांडा बसवून घेतला, उंची आईला स्टुलावर बसवून मापून घेतली. राठोडभाऊंची मात्र पंचाईत झाली. "याच्यावर बसून मले होत नाई," असं म्हणत ते काही दिवस मित्राच्या घरी जात होते. नंतर सवय झाली.

माझी वणीला बदली झाली, मी तिथे घर केलं. मोठ्याई आर्णीतच राहिली, आपल्या घरात, रविवार सांभाळून. गेल्या हिवाळ्यात ती तिथेच गेली, झोपेत, कोणाला पाणीसुद्धा मागितलं नाही. तेराव्याला मी गेले तेव्हा प्रमोददादा मागच्या अंगणात एकटाच बसला होता. मी जवळ बसले. तो म्हणाला, "खरं सांगू? तो कमोड मी बसवून द्यायला नको होता. नसता बसवला तर आई माझ्याजवळ राहिली असती." हसत म्हणाला, आणि हसता हसता त्याला रडू आवरेना.

इतकी वर्षं आम्ही सगळे मोठ्याईच्या जिद्दीचं कौतुक करत होतो. त्याला आई हवी होती, आणि तरी त्यानेच तिला गाडीत बसवून आमच्याकडे आणून सोडलं होतं, हे माझ्या त्या दिवशी लक्षात आलं.