मॅरिकविलचं ग्रीस, डोंबिवलीची दृष्ट

आई म्हणजे इमिजिएट फॅमिली नव्हे. हे मी म्हणत नाही, त्या वर्षी ऑस्ट्रेलियाचे नियम म्हणत होते. कोव्हिडमुळे बॉर्डर बंद होती, आणि ज्यांना म्हणून आत यायची परवानगी मिळायची त्यांत नवरा बसायचा, बायको बसायची, पोरं बसायची. आईबाप काही बसायचे नाहीत. बाळंतपणाला आई नाही तर कोण येणार, पोस्टमन? हे मी सिडनीत, पॅरामॅटाच्या माझ्या ऑफिसात एकदा इतक्या मोठ्याने बोलले, की पलीकडच्या डेस्कवरच्या बाईने मुकाट्याने उठून मला चहा आणून दिला.

पण खरं सांगू? आई येऊ शकत नाही याचा मला तेवढा राग नव्हता. ते तिच्या हातात नव्हतं. राग होता तो ती माझ्याकडे बघत नाही याचा.

मला सातवा महिना होता. त्याआधी दोनदा दिवस गेले होते, आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं होतं. पहिल्या वेळी व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली होती, “काय तेज आलंय गं चेहऱ्यावर!” त्याच आठवड्यात ते झालं. दुसऱ्या वेळी ती काहीच बोलली नाही, नुसती डोळे भरून बघत बसली. तरीही झालं. डॉक्टरांनी कारणं सांगितली, आईने ती ऐकून घेतली, आणि आपलं कारण आपल्यापाशी ठेवलं. तिसऱ्या वेळी मी बातमी दिली तसे तिने व्हिडिओ कॉलच बंद करून टाकले, नुसत्या आवाजावर बोलायची.

“आईचीच दृष्ट सगळ्यांच्या आधी लागते,” ती म्हणाली. “मी तिथे असते तर बघितलं असतं आणि लगेच मीठमोहरी उतरवून टाकली असती. आता कोण काढणार? त्यापेक्षा बघतच नाही. बाळ हातात आलं की मग बघेन.”

मी इंजिनिअर, नवरा इंजिनिअर, आणि आई स्वतः केमिस्ट्रीची बीएस्सी. कपाळ माझं! मी समजावलं, चिडले, रडले. एकदा तिला न विचारता माझ्या बाजूने व्हिडिओ चालू केला, तर तिने फोन टेबलावर पालथा घातला आणि पालथ्या फोनशी अर्धा तास गप्पा मारल्या. इथल्या, ब्लॅकटाउनच्या मैत्रिणींनी डोहाळजेवण केलं तेव्हा झूमवर सगळं गणगोत जमलं होतं आणि त्या चेहऱ्यांच्या मध्ये एक काळा चौकोन होता. त्या चौकोनातून, पालथ्या घातलेल्या फोनवरून, आई डोहाळ्याचं गाणं म्हणत होती. कुणीतरी म्हणालं, काकूंचं नेट खराब दिसतंय. मी म्हटलं, हो ना.

त्यानंतर मी घराबाहेर पडणंच सोडलं. घरून काम करायचं, जेवायचं, झोपायचं. नवऱ्याला वाटलं, हिला कुठेतरी न्यायलाच हवं. खरं म्हणजे आदल्या वर्षी आम्ही ग्रीसला जाणार होतो. आठ जणांचा छोटा ग्रुप आणि बरोबर सिडनीचीच एक ग्रीक बाई गाइड, असा बेत होता. कशात काय अन् फाटक्यात पाय! ग्रीस राहिलं आणि त्या बाईचा धंदाही बसला. मार्चमध्ये तिचा ईमेल आला: तुम्हाला ग्रीसला नेऊ शकत नाही, पण इथल्याच ग्रीक वस्तीत, मॅरिकविलला नेऊ शकते. एक शनिवार, आठच माणसं, इतिहास आहे, संस्कृती आहे आणि माझ्या आईच्या घरी जेवण आहे.

“शाकाहारी चालेल का विचार,” नवरा म्हणाला. त्याचं सगळं भूगोलाचं ज्ञान या एका प्रश्नावर उभं आहे. उत्तर आलं की ईस्टरच्या आधीचे उपास चालू आहेत, त्यामुळे मटण, अंडं, दूध, लोणी काहीच नसेल. त्याने तिथल्या तिथे बुकिंग केलं. मी म्हटलं, सातव्या महिन्यात मी मॅरिकविलच्या फुटपाथवर ग्रीस बघत हिंडू? तर म्हणे, तिथे बाकं आहेत, मी मॅपवर बघितलीत.

ब्लॅकटाउनहून मास्क लावून ट्रेनने निघालो, सेंट्रलला गाडी बदलली. ग्रुपमध्ये आम्ही दोघं, दोन रिटायर्ड शिक्षिका आणि कुठल्याशा वॉकिंग क्लबातले चौघं. गाइड पन्नाशीची, उंच, खणखणीत आवाजाची. तिने पिशवीतून अथेन्सच्या टेकडीचा लॅमिनेट केलेला फोटो काढला आणि एका लाँड्रोमॅटसमोर उभी राहून लोकशाहीचा जन्म सांगितला. मागच्या काचेत कुणाच्या तरी चादरी गरगर फिरत होत्या. पुढच्या कोपऱ्यावर तिचे वडील बोटीतून कसे आले ते सांगितलं, आणि एके काळी इथल्या गावोगावचे मिल्क बार, म्हणजे मिल्कशेक-आइस्क्रीमची कोपऱ्यावरची दुकानं, ग्रीक माणसंच कशी चालवायची तेही. मला काही लोकशाहीपेक्षा मिल्क बारचीच गोष्ट आवडली. ती म्हणाली, “माझे आईवडील दर वर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी परत जाऊ. असं म्हणत त्यांनी इथे दोन घरं बांधली.” नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. आमचंही तेच चाललं होतं, फक्त घर एकच होतं.

मग क्यूआर कोड स्कॅन करून चर्चमध्ये डोकावलो, एका दुकानात सात प्रकारचे ऑलिव्ह चाखले, आणि जेवायला तिच्या आईच्या घरी गेलो. घराच्या मागे द्राक्षांचा मांडव, त्याखाली लांबलचक टेबल, कडेने तेलाच्या रिकाम्या डब्यांत लावलेली तुळशीसारखी रोपं. आणि टेबलावर काय काय! मोठ्या पांढऱ्या वालांची टोमॅटोतली उसळ, द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात, पालक भरलेली पापुद्र्यांची पोळी, तिळाचा हलवा. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण ग्रीकमध्ये काय असेल ते मला माहीत नाही, पण नवऱ्याने ती कृतीने करून दाखवली.

गाइडची आई आतून ब्रेडची टोपली घेऊन आली. ऐंशीच्या घरातली, ठेंगणी, काळ्या कपड्यांतली. टेबलाभोवती फिरता फिरता माझ्यापाशी येऊन थबकली. माझं पोट बघितलं, दोन्ही हात गालांना लावले, आणि पुढे वाकून म्हणाली, “फ्तू! फ्तू! फ्तू!”

अहो, ऐन कोव्हिडात! दोन्ही शिक्षिका खुर्च्यांसकट मागे सरकल्या. गाइड “ममा!” करून किंचाळली आणि सॅनिटायझरची बाटली घेऊन धावली. थुंकी नव्हतीच, नुसता आवाज होता, पण त्या दिवसांत साधी शिंक आली तरी लोक तुमच्याकडे चोरासारखं बघायचे. गाइड बिचारी लाजेने लालेलाल होऊन सगळ्यांना सांगायला लागली, की ही आमच्याकडची जुनी पद्धत, चांगल्या गोष्टीला वाईट नजर लागू नये म्हणून खोटं खोटं थुंकतात, प्लीज माफ करा.

मला कुणी काही सांगायची गरज नव्हती. मला आधी हसू फुटलं आणि मग जे रडू आलं ते आवरेचना. मला दृष्ट लागेल म्हणून कुणीतरी माझ्यासमोर उभं राहून घाबरलं होतं. माझ्या पोटाकडे बघून घाबरलं होतं. मला तेवढंच तर हवं होतं, आणि ते माझ्या आईकडून हवं होतं. म्हातारीने आपल्या एप्रनने माझे डोळे पुसले. सोशल डिस्टन्सिंग गेलं खड्ड्यात.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. मेलबर्नची नात होती, वकील. सकाळपासून डोकं ठणकतंय म्हणाली. आजीने तिला पॅनाडॉल घेतलीस का विचारलं नाही. फोन स्पीकरवर टाकून पाण्याच्या जगला टेकवून ठेवला, एक वाडगा पाणी घेतलं, नातीचं नाव घेतलं आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत त्यात तेलाचा थेंब सोडला. थेंब पसरला आणि दिसेनासा झाला. आजीला मोठ्ठी जांभई आली, डोळ्यांतून पाणी आलं. दुसरा थेंब, तेच. तिसरा मात्र गोल राहिला, तरंगत. “गेली नजर,” ती म्हणाली. पलीकडून नात आजीला म्हणाली, “थँक्स, याया, फीलिंग बेटर,” आणि आपल्या पुढच्या कामाला लागली.

मी विचारलं, “हे फोनवरून चालतं?”

म्हातारी माझ्याकडे अशी बघायला लागली, की ही पोरगी शिकलेली दिसत होती, मग हिला झालं काय. “डार्लिंग,” ती म्हणाली, “नजर एवढा समुद्र ओलांडून येते. तिला कुणी विमान लागतं का? मग जशी आली तशी जाईल. माझी आई गावाकडून माझी काढायची, तेव्हा तर फोनही नव्हता.”

परतीच्या ट्रेनमध्ये मी खिडकीबाहेर बघत बसले. नवऱ्याला वाटलं, जेवण जड झालं.

घरी पोचल्या पोचल्या आईला फोन लावला. नेहमीप्रमाणे नुसता आवाज. मी घडलेलं सगळं सांगितलं आणि म्हटलं, “आई, माझी दृष्ट काढ. फोनवरून. आणि मग माझ्याकडे बघ.”

“दृष्ट काय अशी उंटावरून शेळ्या हाकल्यासारखी काढतात? समोर माणूस बसलेलं लागतं.”

“समोर माणूस बसलेलं नसताना तुझी लागते कशी मग? दोन्ही वेळा फोनवरूनच लागली ना, तुझ्या म्हणण्याप्रमाणे?”

बोलले आणि जीभ चावली. इतक्या महिन्यांत हे आम्ही दोघींनी कधी उच्चारलं नव्हतं. पलीकडे आईने मिक्सर बंद केला.

मग तिने हळूच विचारलं, “तेलाचा थेंब पाण्यात नाहीसा झाला म्हणतेस? शक्यच नाही. तेल पाण्यात विरघळत नाही.”

“मी डोळ्यांनी बघितला.”

“कुठलं तेल?”

“ऑलिव्ह.”

“हं. आणि जांभई आली तिला? मोठी?”

“ही एवढी. डोळ्यांत पाणी आलं.”

“मलाही येते,” आई म्हणाली. “खरी लागलेली असली की येतेच.” त्या काळात डोंबिवलीत पेशंट पुन्हा वाढायला लागले होते, आई-बाबा घराबाहेर पडत नव्हते. आपली पुन्हा भेट कधी होईल हे तिलाही ठाऊक नव्हतं आणि मलाही.

“तिन्हीसांज कुणाची धरायची?” तिने एकदम विचारलं. “तुझी का माझी?”

“तूच सांग,” मी म्हटलं.

“जिची काढायची तिची,” आईने निकाल दिला. “दिवेलागण झाली की फोन कर. आणि तोंड पूर्वेकडे करून बस. पूर्व माहितीये ना कुठे ते?”

आमच्या ब्लॅकटाउनच्या घरात दिवे लागले तेव्हा डोंबिवलीत भर दुपार होती आणि बाबांचं जेवण खोळंबलं होतं. मी योगा मॅटवर पूर्वेकडे तोंड करून बसले, नवऱ्याने माझा फोन धरला. पहिल्यांदा नुसता काळा पडदा. मग पंखा दिसला, मग फ्रिज, मग कोपऱ्यात बाबांचा अंगठा, आणि मग आई. केस जास्त पांढरे झाले होते. मूठ घट्ट मिटलेली होती आणि डोळ्यांवर चष्मा नव्हता. चष्म्याशिवाय आईला हातभर अंतरावरचं माणूस ओळखू येत नाही. काढायच्या आधी बघायचं नाही म्हणजे नाही.

तिने मूठ फोनभोवती फिरवायला सुरुवात केली. “आल्याची, गेल्याची, घरच्याची, दारच्याची, शेजारच्याची पाजारच्याची, ज्याची कुणाची लागली असेल त्याची...” एवढं म्हणून ती अडली. हात तसाच हवेत राहिला. “आणि माझी,” ती म्हणाली. “माझी लागली असेल तर माझीही.” तिला जांभई आली. पुढचं तिला धड म्हणता आलं नाही.

गॅसवरच्या तव्यावर मीठमोहरी आणि मिरच्या पडल्या. तडतड मला सिडनीत ऐकू आली.

“ठसका लागतोय का हो?” आईने बाबांना विचारलं. मिरच्यांचा ठसका लागला नाही, तर दृष्ट होती आणि ती निघाली, असं समजतात.

“छे, अजिबात नाही,” बाबा घाईघाईने म्हणाले, आणि फोन गदगदा हलायला लागला, कारण माझे बाबा छाती दाबून खोकला गिळत होते.

माझा यातल्या कशावर विश्वास नव्हता. आजही नाही. पण मी मॅटवरून हललेही नाही.

आईने गॅस बंद केला. नळाखाली हात धुतले, पदराला पुसले. फ्रिजवरचा चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला आणि बाबांच्या हातातून फोन घेऊन अगदी जवळ धरला, इतका की मला तिचे फक्त डोळे दिसत होते.

“उभी राहा,” ती म्हणाली. “अशी नाही, आडवी वळ. अगं बाई! अगं, केवढं झालंय!”