आमच्या कोळणीचा नवरा

स्वतःच्या पुरुष असण्याचा आमच्या कोळणीच्या नवऱ्याला जेवढा अभिमान होता, तेवढा मी अख्ख्या वसईत दुसऱ्या कुणाला पाहिलेला नाही, आणि त्या अभिमानाचा इतका भलता उपयोग केलेलाही दुसरा कुणी पाहिलेला नाही. उंचापुरा, जाडजूड मिशांचा, शर्टाची वरची तीन बटणं कायम उघडी. आवाज असा, की समोरच्याशी बोलतानाही तो पलीकडच्या होडीवरच्या माणसाला हाक मारतोय असं वाटावं. छत्री ही बायांनी घ्यायची वस्तू आहे असं त्याचं ठाम मत असल्यामुळे तो दर पावसाळ्यात भिजायचा आणि दर पावसाळ्यात खोकायचा. राग त्याला येत नसे. तो त्याच्याकडे मुक्कामालाच असे. वाऱ्यावर राग, डिझेलवर राग, मोठ्या ट्रॉलरवाल्यांवर राग, आणि काट्यांची भीती वाटते म्हणून मासे न खाणाऱ्या माणसांवर तर विशेष राग. "काट्याला भितो तो बायकोला काय सांभालनार?" असं त्याने माझ्या नवऱ्याला एकदा तोंडावर विचारलं होतं. माझा नवरा काट्यांना भितो, त्यामुळे मला तो प्रश्न फार आवडला.

त्याची बायको ही आमची कोळीण. पंधरा वर्षं मी तिच्याकडूनच मासे घेत आले. कोळीवाड्यातली रीत अशी, की मासे पकडायचे पुरुषांनी आणि विकायचे बायकांनी. होडी किनाऱ्याला लागली की पुरुषाचं काम संपलं. पुढचं बर्फ, टोपल्या, टेम्पो, गिऱ्हाईक आणि भांडण हे सगळं बायकांचं. बाजारातली रांगही त्यांचीच. जागा सासूकडून सुनेकडे येते आणि ती रोज बसून राखावी लागते, कारण एखादा पाट आठवडाभर रिकामा दिसला की दोन्ही बाजूंच्या टोपल्या हळूहळू सरकायला लागतात. अशा परिस्थितीत आमची कोळीण बाजारातल्याच ओल्या फरशीवर घसरली आणि मांडीचं हाड मोडून घरी पडली. डॉक्टरांनी तीन महिने उठायचं नाही म्हणून सांगितलं. सून सातिवलीच्या एका कारखान्यात पॅकिंगला जायची, तिला रजा कुठली मिळणार? म्हातारी सासू कधीच गेलेली. म्हणजे तिची जागा जाणार हे उघड होतं, आणि मी आपली हळहळत दुसरी कोळीण शोधायला बाजारात गेले. पाहते तर तिच्या पाटावर, पंधरा बायकांच्या मधोमध, मिशा पिंजारून हा बसलेला!

विक्रीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. गिऱ्हाईक माशाचे कल्ले उघडून बघतं यात वावगं काही नाही, पण याला तो स्वतःचा अपमान वाटे. एका बाईंनी पापलेटाचा कल्ला उचलला तर हा गरजला, "मी पकडलाय तो! त्याची काय जात तपासतेस?" भाव करणाऱ्यांवर तर तो उठून उभाच राहायचा. बोंबील साफ करायला घेतले की निम्मे विळीला आणि निम्मे त्याच्या हाताला चिकटून राहायचे. पहिल्या आठवड्यात त्याच्या दहापैकी सहा बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. मी म्हटलं, "अहो, शेजारच्या मावशींना द्या ना कापायला." तर म्हणाला, "बाई, पोराची आई चालीस वर्स कापते. मला कधी दिसलाच नाय तिचा हात." मग विळी घट्ट धरून पुढच्या बोंबलाकडे असा रागाने बघायला लागला, की मला त्या माशाचीच दया आली.

पण मला खरा संताप आला तो बाजारातल्या पुरुषांचा. पानाच्या टपरीशी दिवसभर भिंतीला पाठ लावून उभे राहणारे, ज्यांनी घरात कधी ताटसुद्धा उचललं नसेल, ते याला बघून खिदळायचे. कुणी "काकी, कोलंबी कशी दिली?" म्हणून विचारायचं. शिकलेसवरलेले, नायगावच्या नव्या टॉवरमधून गाडी घेऊन येणारे गृहस्थही मोबाईल काढून त्याचे फोटो घ्यायचे. अरे, माणूस आपल्या बायकोचं काम करतोय, यात फोटो काढण्यासारखं काय आहे? तीच बायको चाळीस वर्षं तिथे बसली तेव्हा कुणाला फोटो सुचला नाही. मी घरी येऊन हे तावातावाने सांगितलं, तर माझा नवरा वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाला, "पण शोभत नाही गं त्याला." त्या दिवशी मी त्याला मांदेली निवडायला बसवलं. शोभत त्यालाही नव्हतं.

कोळणीचा नवरा मात्र कुणाचं ऐकून घेणाऱ्यातला नव्हता. एक पोरगा ओरडला, "काका, साडी कुठाय?" हा बसल्या जागेवरून म्हणाला, "घरी वालत घातलीय. मीच धुतली सकाली. तू तुझ्या आईची कवा धुतलीस?" पोरगा पुन्हा त्या बाजूला फिरकला नाही. सगळी रांग हसली आणि त्या दिवसापासून शेजारच्या मावशीने त्याला बोंबील कसा धरायचा ते दाखवायला घेतलं.

तिसऱ्या महिन्यात गडबड झाली. बाजाराची नवी इमारत व्हायची होती, आणि त्यातल्या ओट्यांसाठी विक्रेत्यांची यादी करायला एक साहेब आले. मी नेमकी सुरमई घेत होते. साहेबांनी याला बघून विचारलं, "नाव सांगा तुमचं." हा म्हणाला, "माझं नाय, बायकोचं लिवा." साहेब म्हणाले, "बसतो त्याचं नाव. बरं होईल उलट, पुरुष माणसाचं नाव असलं की पुढे काही अडचण येत नाही." टपरीवरून लगेच सल्ला आला, "घे लावून, मर्द हायेस ना?" आणि रांगेतल्या बायका माना वळवून साहेबांच्या कागदाकडे बघायला लागल्या. एक ओटा पुरुषाच्या नावावर गेला की पुढचे कसे जातात हे त्यांना सांगावं लागत नव्हतं.

हा उठला. मला वाटलं, आता हात उचलतो. "मर्द हाय म्हनूनच सांगतो!" तो ओरडला. "आज माझं नाव लिवशील, उद्या माझा पोरगा बसंल, परवा त्याचा साडू. मंग ह्या बाया कुठं जातील, तुझ्या घरी? जागा तिची हाय. मी नुसता राखनीला बसलोय." साहेब वरमले. पेन उघडून म्हणाले, "बरं, सांगा बायकोचं नाव."

आणि इथे हा अडला. जुन्या माणसांची रीत, बायकोचं नाव तोंडाने घ्यायचं नाही. आयुष्यभर त्याने तिला "ए" किंवा "पोराची आई" म्हटलेलं. मिशीला हात गेला, कान लाल झाले, नजर टोपलीतल्या बर्फावर. शेजारची मावशी हसत म्हणाली, "मी सांगू काय?" त्याने मान हलवली. "नाय. मीच सांगनार." मग त्या भल्या मोठ्या आवाजाच्या माणसाने, अगदी हळू, जेमतेम साहेबाला ऐकू जाईल इतकं, सांगितलं, "यमुना."

आता यमुनाबाई परतल्या आहेत. पाटावर बसता येत नाही म्हणून स्टुलावर बसतात. तो जाळी विणायला किनाऱ्यावर गेला, आणि बाजार फार शांत झाला आहे. मला तिथे आता करमत नाही. परवा मासे कापता कापता त्यांनी मान खाली ठेवूनच विचारलं, "बाई, तुमी व्हत्या म्हनं तवा. खरंच माझं नाव घेतलं त्यानं?"

"घेतलं," मी म्हटलं.

"घरी इचारलं तर उठून जातो." विळीवरचा हात थांबला. "कसं घेतलं? तसं घेऊन दाखवा ना."

मी घेतलं. पण मला काही ते त्याच्यासारखं जमलं नाही.