निळं चित्र

डाव्या हातात हातोडी, मान एका बाजूला कललेली आणि डोळे मिटलेले. कामाच्या शेवटच्या दिवसांत ट्रॉलीच्या हुकावर हलका ठोका मारून चाचा असे उभे राहायचे, नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे. मग म्हणायचे, "आटे बोलले पायजे. मंगच वेल्ड."

नाव सांगत नाही. वाशीमला रिसोड रस्त्यावरच्या माझ्या मामांच्या वर्कशॉपात सगळे त्यांना चाचाच म्हणत. तुमच्याही गावात असा एखादा वेल्डर असेल, ज्याला समोरचा माणूस नीट दिसत नाही, पण लोखंडातली भेग बोटाला बरोबर कळते.

आमचं वर्कशॉप म्हणजे तीन बाजूंनी पत्रा आणि समोर एक शटर. खिडकी नाही. पुण्याची नोकरी सुटून मी परत आलो, तेव्हा मामांनी आत प्लायवूडची केबिन करून दिली, संगणक घेऊन दिला. मला इंजिनियर केलं मामांनी, राहतो त्यांच्याच घरी. नाही म्हणायची सोयच नव्हती. चाचा येता-जाता डोकावून विचारायचे, "काय म्हन्ते तुमचा टीव्ही?"

एकदा मी चिडून विचारलं, "चाचा, तुमी काहून नाही जात दुसरीकडे?"

"या डोयानं कोन ठेवते मले?" ते हसले. "तुमी जा न भाऊ. तुमचे तं डोये चांगले हायेत."

मीही गेलो नाही.

मग एका ट्रॅक्टर विक्रेत्याची मोठी ऑर्डर आली. सोयाबीन काढणीच्या आधी त्याला ट्रॉल्या हव्या होत्या, आणि हुकाचा जोड ताण सोसेल हे संगणकावर तपासून सही केलेला अहवालही हवा होता. हुकाच्या मागच्या दांड्याला आटे असतात, त्यावर नट बसतो, आणि नटाभोवती वेल्ड. ट्रॉलीची सगळी ओढ त्या जोडावर. मी चित्र तयार केलं आणि आटे, नट, वेल्ड सगळं एकमेकांना घट्ट चिकटलेलं आहे असं संगणकाला सांगून मोकळा झालो. तेच सोपं असतं. ओढ दिली, तर हुक सगळा निळा. निळा म्हणजे बिनधोक, लाल म्हणजे तुटणार.

चाचा पडद्याला नाक लावून बघत राहिले. "हे निळं कसं? दरसाल फाटते तं इथंच."

ते गेले आणि तेलाचा जुना डबा घेऊन आले. त्यात वर्षानुवर्षांचे तुटके हुक होते. त्यांनी एक माझ्या हातात ठेवला. वेल्ड फाटलेला, पण आटे नवेकोरे, धारसुद्धा मोडली नव्हती.

"पाहा. कामच नाही केलं या आट्यायनं. नट हातानं फिरवतो अन् लगेच वेल्ड मारतो आपन. ढिला राह्यते थो. मंग सारा झटका एकट्या वेल्डवर. अन् ट्रॉलीत पोत्यायवर बाया बसून राह्यतात, भाऊ."

मला माझीच लाज वाटली. आटे आणि नट यांच्यात केसभर फट ठेवून मी सगळं पुन्हा मांडलं. या वेळी वेल्डची कड लालभडक झाली.

ते चित्र मी घरी मामांना दाखवलं. मामी भाकरी वाढत होत्या. "एक-एक नट पान्यानं आवयत बसलो तं सोयाबीन घरी जाईन लोकायचं," मामा म्हणाले. "अन् लाल चित्र पाहून ट्रॉली घेईन का कोनी? तुह्यं पयलं चित्र चांगलं होतं."

दुसऱ्या दिवशी मी निळ्या चित्रावर सही केली.

"देली का सही?" चाचांनी विचारलं.

"देली."

मला वाटलं, शिव्या घालतील. ते नुसतं "बरं" म्हणाले.

त्या दिवसापासून ते पान्याला पाण्याच्या पाइपाचा तुकडा जोडून प्रत्येक नट अंग टाकून आवळायला लागले. ठोका मारायचे, ऐकायचे, पुन्हा आवळायचे, मग वेल्ड. मामा ओरडले की म्हणायचे, "होते न, होते." वेळ भरून काढायला सकाळी शटर उघडायच्या आधीच दारात उभे. शेवटी शेवटी त्यांचा उजवा खांदा वर होईना. डबा डाव्या हातानं खावा लागायचा आणि तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून बसायचे. मी हे सगळं बघत होतो. एके दिवशी मी केबिनचं दार लावून घेतलं.

ऑर्डर गेली आणि चाचा यायचे बंद झाले. अनसिंगला लेकीकडे असतात म्हणे. मी अजून गेलेलो नाही.

यंदा त्यातली रिठदची एक ट्रॉली दुरुस्तीला आली. नाल्याच्या खड्ड्यात आदळून हुक वाकला होता, पण तुटला नव्हता. मालक म्हणाला, "पोते बी होते अन् बाया बी होत्या. वाचलो बाप्पा."

मी वेल्ड घासून काढला आणि पान्याला तोच पाइप लावला. मी आणि ट्रॉलीवाला, दोघांनी जोर लावला तरी नट हलेना. शेवटी कापून काढला. आटे ओढीच्या बाजूनं दबून चकचकीत झाले होते. यांनी काम केलं होतं. माझं खोटं चित्र चाचांनी आपला खांदा घालवून खरं केलं होतं.

ते निळं चित्र मामांनी फ्रेम करून केबिनच्या भिंतीवर लावलंय. येणाऱ्या गिऱ्हाइकाला दाखवतात, "आमच्या भाच्यानं काढलं." मी मान डोलावतो.