दुमडलेली बाही

आता मी स्वतः वॉर्डची इनचार्ज आहे, तरी बीपीचा पट्टा हातात घेतला की ते मामा आठवतात. नाव विसरले, त्यांची दुमडलेली बाही विसरले नाही.

तेव्हा मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. कोल्हापुरातल्या एका हॉस्पिटलात, पुरुषांच्या वॉर्डात माझी ड्युटी होती. पाय मोडून पडलेले हे मामा गडमुडशिंगीचे. गावच्या डेअरीत दुधाचं फॅट मोजायचे. एका सकाळी मोठे डॉक्टर यायची वेळ झाली आणि इनचार्ज सिस्टर माझ्यावर ओरडल्या, "मोजत काय बसलीस? सगळ्यांना एकशेवीस-ऐंशी लिहून टाक!"

मी मुकाट्यानं लिहीत सुटले. मामांच्या खाटेपाशी आले, तर त्यांनी बाही वर करून हात पुढं धरलेला.

"पट्टा न बांधताच लिवलंस व्हय, पोरी? आमच्यात म्हशीच्या दुधाचं फॅट बी मोजल्याबिगर लिवत न्हाईत की!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळे आकडे खोडले आणि पहिल्या खाटेपासून पुन्हा मोजायला लागले. डॉक्टर आले तेव्हा निम्मा वॉर्ड बाकी होता. सिस्टरांनी सगळ्यांदेखत मला बिनडोक म्हटलं, घरी बसून भाकरी थापायला सांगितलं. मी रडले, पण मोजणं संपवूनच.

दुसऱ्या दिवशी घाबरतच वॉर्डात शिरले. मामांनी सकाळपासून काय काय सांगितलं होतं कोण जाणे, एकूण एक पेशंट बाही वर करून तयार होता.

"हं, कर सुरू," मामा म्हणाले. "आज कसा उशीर हुतोय तेच बघू!"